तारणारा कोण, बुडवणारा कोण?

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम. तीन उंच डोलकाठ्या, ताणलेली शिडं, छपराखाली ओळीनं रचलेले माठ. गोष्ट सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या पूर्णाची. हा दर्यावर्दी व्यापारी पुढे बुद्धाचा शिष्य झाला. त्याचा थोरला भाऊ भविल इतर व्यापाऱ्यांबरोबर दूरदेशी चंदनाच्या वनात पोचला. वन एका यक्षाच्या मालकीचं. झाडांवर कुऱ्हाडी पडू लागल्या तसा यक्ष संतापला आणि त्यानं प्रचंड वादळ उठवलं. बाकीचे व्यापारी एकेका देवाचा धावा करू लागले; भविलाला आपला भाऊ आठवला. पूर्ण आकाशमार्गे आला, वादळ शमलं, चंदन सुखरूप घरी पोचलं आणि त्याचं बुद्धासाठी मंदिर उभं राहिलं.

समुद्र आणि संकट हा विषय चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी दीड-दोन हजार वर्षं पुन्हा पुन्हा हाताळला. त्या कलाकृतींमागच्या गोष्टी ओळीनं समोर ठेवल्या की एका विचाराची वाटचाल दिसू लागते. बुडणाऱ्या माणसाला तारणार कोण, हा जुना प्रश्न. त्याला बुडवलं कोणी, हा नंतर आलेला प्रश्न. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला माणसाला फार वेळ लागला आणि ते अंतर कापण्यात चित्रांचा वाटा मोठा आहे.

पहिला प्रश्न दगडात स्पष्ट वाचायचा तर औरंगाबादच्या सातव्या लेण्यात जावं. दाराशेजारी करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याची उंच मूर्ती उभी आहे आणि दोन्ही बाजूंना लहान लहान प्रसंग कोरले आहेत: आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. त्यातच एक फुटणारं जहाजही आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही अशाच संकटांचा पट आहे. ही लेणी व्यापारी वाटांच्या आधारानं वाढली. चौल, कल्याण, सोपारा या बंदरांतून माल घेऊन निघणाऱ्याला परतीची खात्री नसे. त्याच्यासाठी हे शिल्प म्हणजे दगडातली प्रार्थना होती. संकट कुठून येतं याची चौकशी तिथे नाही. वादळ आणि सिंह एकाच पंगतीत बसवले आहेत. हाक मारली की कोणीतरी ऐकतं, एवढाच त्या शिल्पाचा आधार. आणि ज्याच्या हाती दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी तो थोडा नसतो.

अवलोकितेश्वराच्या या शिल्पांच्या काही शतकं आधी, रोममध्ये जमिनीखालच्या दफनभूमीत ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या थडग्यांवर बायबलमधल्या योनाची गोष्ट रंगवत होती. देवाची आज्ञा टाळून योना जहाजात बसून पळतो. वादळ उठतं. कोणाच्या पापामुळे हे घडतंय हे ठरवायला खलाशी चिठ्ठ्या टाकतात आणि योनाचं नाव निघतं. तो स्वतःच म्हणतो, मला समुद्रात टाका. टाकतात. मोठा मासा त्याला गिळतो आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर सोडतो. तिसऱ्या शतकातल्या या चित्रांत मासा माशासारखा दिसतच नाही. तो ग्रीक पुराणातला लांब मानेचा, वेटोळ्यांचा समुद्रराक्षस आहे. सुटका झालेला योना वेलीखाली पहुडतो तोही ग्रीक कथेतल्या निद्रिस्त एंडिमिअनच्या ढबीत. नव्या श्रद्धेनं जुन्या पुराणाचे आकार सरळ उचलले आणि त्यांत आपला अर्थ भरला. या गोष्टीतला एक तपशील मात्र पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे: जहाज वाचवण्यासाठी एक माणूस पाण्यात टाकला जातो, आणि देव त्यालाही वाचवतो.

पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला मध्ययुगीन वीरगळ आहेत. त्यांच्या खालच्या पट्ट्यांत वल्ह्यांची जहाजं रांगेनं निघतात, भिडतात, माणसं पाण्यात पडतात. जसजसं वर जावं तसतसा वीर स्वर्गाकडे जातो आणि माथ्यावर देवाचं स्थान येतं. खाली माणसांची धुमश्चक्री, वर देवाचा निवाडा. मध्ये दगडाची आडवी पट्टी. ही दोन जगं एकाच नावेत बसवणारा चित्रकार युरोपात सतराव्या शतकात आला.

रेम्ब्राँनं 1633 साली गालील समुद्रावरचं वादळ रंगवलं. समुद्राचं त्याचं हे एकमेव चित्र. बायबलमधला प्रसंग असा: नाव बुडायला आली आहे, येशू झोपला आहे, शिष्य त्याला उठवतात आणि तो वादळाला गप्प करतो. रेम्ब्राँ त्या चमत्काराच्या क्षणभर आधी थांबतो. नाव लाटेवर तिरकी चढली आहे. डोलकाठीपाशी चार-पाच जण शीड आवरायला जिवाच्या आकांतानं झटत आहेत आणि सगळा उजेड त्यांच्यावर पडला आहे. एक जण कठड्यावरून ओकतो आहे. मागे अंधारात येशू आत्ता कुठे जागा होतो आहे. नावेत येशू, बारा शिष्य आणि चौदावा एक माणूस आहे. एका हातानं दोर आणि दुसऱ्यानं टोपी धरून तो थेट आपल्याकडे पाहतो. चेहरा रेम्ब्राँचा आहे.

हे ॲमस्टरडॅममध्ये घडलं यात नवल नाही. तिथल्या घराघरातून कोणी ना कोणी समुद्रावर गेलेलं असे. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 साली निघाली होती. तिची एक वखार पुढे आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. जहाजाचा दोर न् दोर ओळखणारी गिऱ्हाइकं चित्रं विकत घेत होती, त्यामुळे लाटा आणि शिडं खरी दिसणं भाग होतं. या खरेपणाबरोबर विचारही बदलला. देव नावेत आहे, पण तो उठेपर्यंत शीड माणसांनाच सांभाळायचं आहे. चौदावा माणूस जणू पाहणाऱ्यालाच विचारतो, तू कुठे उभा आहेस, दोरापाशी की येशूच्या पायाशी? हे चित्र 18 मार्च 1990 रोजी बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयातून चोरीला गेलं आणि अजून सापडलेलं नाही. तिथे आज रिकामी चौकट टांगलेली असते.

पुढचं पाऊल फ्रान्समध्ये पडलं, आणि तिथे नावेत देव नव्हता. 1816 च्या जून महिन्यात ‘मेड्यूझ’ ही फ्रेंच युद्धनौका सेनेगलला निघाली. कप्तान शोमारे वीसेक वर्षं समुद्रावर गेलाच नव्हता. राजघराण्याशी निष्ठा ही त्याची पात्रता. 2 जुलैला त्यानं जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्गँच्या उथळ पट्ट्यात रुतवलं. जहाजावर सुमारे चारशे माणसं, आणि होड्या सगळ्यांना पुरेशा नव्हत्या. मग लाकडं बांधून तराफा केला आणि त्यावर जवळजवळ दीडशे जणांना उतरवलं. होड्या तो ओढत नेणार होत्या. थोड्याच वेळात ओढायचे दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी ‘आर्गस’ जहाजाला तराफा दिसला तेव्हा त्यावर पंधरा जण जिवंत होते. मधल्या दिवसांत मारामाऱ्या झाल्या, दुबळ्यांना पाण्यात ढकललं गेलं, मेलेल्यांचं मांस खाल्लं गेलं.

चित्रकार तेओदोर जेरिको तेव्हा पंचविशीत होता. वाचलेल्यांपैकी डॉक्टर साविन्यी आणि अभियंता कोरेआर यांनी सगळी हकीकत पुस्तकात मांडली होती. जेरिको त्यांना भेटला. तराफ्यावरच्या सुताराकडून त्यानं तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, रुग्णालयात मरणाऱ्यांचे चेहरे अभ्यासले, शवागारातून अवयव आणून रंगवले. 1819 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद असा तो कॅनव्हास लागला. आज तो लूव्र संग्रहालयात आहे. एवढा आकार तोवर देवादिकांच्या, राजांच्या आणि लढायांच्या चित्रांना मिळत असे; जेरिकोनं तो सरकारी बेपर्वाईच्या बळींना दिला. डाव्या बाजूला एक म्हातारा मेलेल्या तरुणाला मांडीवर धरून बसला आहे. मरियेच्या मांडीवर ख्रिस्ताचा देह, ही रचना युरोपनं शतकानुशतकं पाहिली होती; इथे ती नामहीन माणसांच्या वाट्याला आली. देहांचा ढीग वर चढत जातो आणि शेंड्यावर एक काळा माणूस पाठमोरा उभा राहून फडकं हलवतो. क्षितिजावर आर्गस ठिपक्याएवढं दिसतं. जेरिकोनं निवडलेल्या त्या क्षणी ते या लोकांना न पाहताच निघून जाणार आहे.

पाहणाऱ्यांना कप्तानाचं नाव सांगावं लागत नव्हतं. अनुभव नसलेल्या माणसाला जहाज कोणी सोपवलं, हा प्रश्न चित्रासमोर उभं राहिलं की आपोआप मनात येत होता. वादळ तर या गोष्टीत कारणच नव्हतं. मला वाटतं, समुद्रचित्रांच्या इतिहासात इथे खरं वळण आहे: देवाला मारलेली हाक माणसाला विचारलेल्या जाबात बदलली.

इंग्रज चित्रकार टर्नरनं हा जाब आणखी कठोर केला. 1840 साली त्यानं लंडनमध्ये एक चित्र मांडलं. गुलामवाहू जहाज, येऊ घातलेलं वादळ, आणि मेलेल्या-मरणाऱ्या माणसांना समुद्रात फेकणारे व्यापारी. त्यामागे बहुतेक अभ्यासकांना ‘झोंग’ची आठवण दिसते. 1781 साली या इंग्रजी जहाजावरून 130 हून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंत पाण्यात टाकण्यात आलं. पाणी अपुरं आहे असं कारण दिलं गेलं. मालकांनी नंतर माणशी तीस पौंडांप्रमाणे विम्याची भरपाई मागितली. 1783 साली प्रकरण न्यायालयात आलं ते विम्याचा दावा म्हणून. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउदा इक्वियानोनं ही बातमी गुलामीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत पोचवली आणि गुलामीविरोधी चळवळीला धार आली.

चित्रात आधी दिसतो तो सूर्यास्त. रक्तासारखा लाल, पिवळा, मधोमध पांढऱ्या उजेडाची उभी फट. जहाज मागे धुरकट झालं आहे. मग नजर खाली उतरते आणि उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर आलेला एक पाय दिसतो, त्यात बेडी. भोवती मासे झुंबडले आहेत, वर पक्षी घिरट्या घालत आहेत, लाटांत साखळ्या आणि हात. इथे योनाची गोष्ट पुरती उलटली आहे. तिथेही जहाजातून माणूस टाकला होता. पण खलाशांनी आधी किनाऱ्याकडे वल्ही मारून पाहिली, टाकताना देवाची क्षमा मागितली, आणि माशानं त्याला जपलं. टर्नरचे मासे खायला आले आहेत आणि वरच्या जहाजात कोणी क्षमा मागत नाही, कारण तिथल्या लोकांनी माणसाला माल म्हणून नोंदलं आहे.

या चित्राचा पुढचा प्रवासही विचार करायला लावतो. समीक्षक रस्किनला ते वडिलांकडून भेट मिळालं. त्यानं समुद्राच्या रंगाचं अप्रतिम वर्णन लिहिलं आणि हे गुलामवाहू जहाज आहे ही माहिती तळटीपेत दिली. सौंदर्याचा हा धोका आहे: लाट इतकी देखणी रंगवली जाते की बुडणारा तळटीपेत जातो. नंतर रस्किनला हा विषय सोसवेना आणि त्यानं चित्र विकलं. आज ते बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे, रेम्ब्राँच्या त्या रिकाम्या चौकटीपासून काही मिनिटांच्या अंतरावर.

तारणारा कोण आणि बुडवणारा कोण, हे दोन्ही प्रश्न आपल्याही किनाऱ्यावर एकत्र नांदतात. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात ही आठवण सांगताना दिवस अमावस्येचा होता हे अजून सांगतात. त्याच दमात, ऐन पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात बोट सोडायची हे कोणी ठरवलं, हेही विचारतात. अमावस्येची गोष्ट दुःखाला आधार देते. दुसऱ्या प्रश्नामुळे पुढची बोट वाचण्याची शक्यता निर्माण होते.

म्हणून जुना प्रश्न भाबडा म्हणून टाकून द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. औरंगाबादच्या शिल्पातली हाक ऐकायला शिकलेली नजरच पुढे तराफ्यावरची आणि बेडीतली माणसं पाहू शकली. पूर्णाच्या कथेत तर दुसऱ्या प्रश्नाचं बीजही आहे, कारण वादळाआधी तिथे कुऱ्हाड चालली होती. तो दुसरा प्रश्न आजही विचारावा लागतो. 3 ऑक्टोबर 2013 रोजी इटलीच्या लांपेदुसा बेटाजवळ निर्वासितांची बोट बुडून साडेतीनशेहून अधिक माणसं मेली. पुढे 2016 साली जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकारानं लान्सारोते बेटाजवळ समुद्राच्या तळाशी होडीत दाटीनं बसलेल्या माणसांचं शिल्प ठेवलं आणि त्याला लांपेदुसाचा तराफा असं नाव दिलं. दोनशे वर्षांनीही शिल्पकाराला जेरिकोकडेच जावं लागलं, कारण त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

वादळ माणसाच्या हातात नसतं. पण होडीत कोणाला जागा मिळते, दोर कोण सोडतो आणि मेलेल्यांची नोंद माणूस म्हणून होते की माल म्हणून, हे माणसंच ठरवतात. माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येतं, हे या चित्रांनी शिकवलं आहे.