फुरसं चावून मेलेला माणूस कशानं मरतो?

डॉक्टर म्हणेल, विषानं. गाव म्हणेल, नशिबानं. आपण कार्यकर्ते म्हणतो, अंधश्रद्धेनं, आणि भाषण ठोकून मोकळे होतो. मला ही तिन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

मी पालीचा. इचलकरंजीकडं एका सूतगिरणीत पाळ्या करतो, सुट्टीला आंबा घाट उतरून घरी येतो. आमच्या बौद्धवाडीच्या वर कातळ आहे. त्या दगडांखाली फुरसं असतं. हातभर लांबीचं, खवल्यावर खवला घासून करवतीगत आवाज काढणारं. इंग्रजांनी रत्नागिरी जिल्ह्यात ते मारायला बक्षीस लावलं होतं. बक्षीस गेलं, इंग्रज गेला, फुरसं आहे.

त्याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. तपासणी अगदी साधी. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही. नळी कलती केल्यावर रक्त पातळच ओघळलं, तर विष भिनलं. यंत्र नको, वीज नको. काकीला गवत कापताना पायाला चावलं. अनवाणी होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, चौथ्या दिवशी गेली. कागदावर कारण लागलं, ‘ताप’. म्हणजे त्या साली आमच्या वाडीत साप कुणाला चावलाच नाही!

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये गेल्या जन्मीच्या कर्माचा हिशेब नाकारला. ठीक. मग कारणं ह्याच जन्मात शोधायला हवीत. पायात वहाण नाही. रात्री गाडी नाही. आणि मेल्यावर नोंद नाही. देशात २००० ते २०१९ मध्ये सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, हा अंदाज २०२० साली निघाला तो घरोघर मरणाची चौकशी करून. दवाखान्याच्या वह्यांतून तो निघालाच नसता, कारण ह्यातले बहुतेक दवाखान्याबाहेरच मरतात. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं केंद्रानं राज्यांना कळवलं नोव्हेंबर २०२४ मध्ये. साप काय तेव्हा जन्माला आला?

जे मोजलं जात नाही त्यावर संशोधन होत नाही. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर एकच. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात. विष बहुतांशी येतं तामिळनाडूतून, इरुळा आदिवासींच्या १९७८ सालच्या सहकारी संस्थेकडून. पण विष म्हणजे सापाचं शिकारीचं हत्यार. मुलूख बदलला, भक्ष्य बदललं, की पिढ्यान्‌पिढ्या हत्यारही बदलत जातं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलंय की नाग आणि घोणस यांचं विष मुलखागणिक वेगळं, आणि एकच इंजेक्शन सगळीकडं सारखं लागू पडत नाही. हाच प्रश्न कातळावरच्या फुरशाबद्दल आपण विचारायचा. विचारणारा दिल्लीतून येणार नाही.

होऊ शकतं ते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून हृदय कसं खचतं ते टिपलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. पुढं रक्तदाबाच्या प्राझोसिन गोळीनं त्यांनी माणसं वाचवली. माणूस मरत होता तिथंच संशोधन झालं.

राहिला भगत. त्याच्या मुळीनं रक्त गोठत नाही, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तो हाकेच्या अंतरावर होता आणि मध्यरात्री दार उघडत होता. त्याला शिव्या घालायच्या तर आधी तेवढ्या जवळ इंजेक्शन मागा, भांडून मागा.

आणि ह्या पावसाळ्यात प्रत्येक वाडीत एक वही ठेवा. कुणाला चावलं, कुठं, किती वाजता, इंजेक्शन किती तासांनी मिळालं, मिळालं का. कुणी म्हणेल हे कारकुनाचं काम. आहेच. तो करत नाही. एक रकाना मात्र गाळू नका: पायात काय होतं.