वडीलधाऱ्यांचे स्मरण : आदर आणि सत्य

नोव्हेंबर महिना आला की मृत भक्तांच्या स्मरणार्थ मिस्साबली अर्पण करावा, अशी विनंती घेऊन कुटुंबे येतात. वाशीमसारख्या ठिकाणी आपली घरे मोजकी व विखुरलेली. त्यामुळे घरातील कर्ता पुरुष गेला म्हणजे साऱ्या समाजालाच पोकळी जाणवते. 'फादर, बाबांविषयी दोन शब्द बोला,' असे म्हणून मुले त्यांचे गुण सांगू लागतात. पहाटेची जपमाळ कधी चुकली नाही, दारी आलेला कधी रिकाम्या हाताने गेला नाही. हे सारे खरेच असते. पण तेच बाबा विक्षिप्तही असतात. प्रार्थना संपेपर्यंत घरात कोणी घास घ्यायचा नाही, दिलेले उसने परत मागायचे नाही, मनात आले की न सांगता चार दिवस निघून जायचे. याविषयी मात्र सारे मौन पाळतात. हे मौन म्हणजे आदर, असे आपण समजतो. ते तसे आहे काय?

मौनाच्या बाजूने उत्पत्तीच्या पुस्तकातील दाखला देता येईल. द्राक्षारसाने बेभान झालेला नोहा तंबूत उघडा पडला. हामने ते पाहून बाहेर भावांना सांगितले; शेम व याफेथ यांनी मात्र पाठमोरे चालत जाऊन पित्यावर वस्त्र पांघरले. पित्याची लाज राखणे हा पुत्रधर्म खराच. परंतु ज्या पवित्र लेखकाने नोहाला नीतिमान म्हटले, त्यानेच हा प्रसंगही गाळला नाही. तेव्हा प्रश्न सांगण्या-न सांगण्याचा नसून कोणत्या दृष्टीने सांगतो याचा आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात याचे उत्तम उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे आहे. ते आपल्या कॅथॉलिक मंडळातील नव्हते, तरी त्यांची भक्तिगीते साऱ्या मराठी ख्रिस्तजनांना आपली वाटतात. आपल्या विदर्भाशीही त्यांचा ऋणानुबंध आहे : नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी साहेबाने त्यांना नवा करार दिला आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापला. १९१९ साली ते निवर्तले.

अशा भक्ताचे स्मरण त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे'मध्ये कसे केले? १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांची भक्ती आहे आणि त्यांच्या लहरीही आहेत. त्यांचा संताप, हाती पैसा न टिकणे, घर सोडून एकाएकी निघून जाणे, कोणावरही चटकन विश्वास टाकणे, काहीच लपविलेले नाही. तरीही वाचक टिळकांचा तिरस्कार करीत नाही. उलट ते घरातलेच कोणी वाटू लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. टिळकांनी पत्नीच्या संमतीवाचून धर्मांतर केले, तेव्हा तिच्या वाट्याला काही वर्षांचा विरह व लोकनिंदा आली. पुढे १९०० साली तिने स्वतः विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही पुढे नेले. पतीच्या लहरी झाकल्या असत्या तर या बाईचे धैर्यही झाकले गेले असते. पुरुषाच्या लहरीची किंमत बहुधा दुसरेच कोणी मोजते. बाबा न सांगता निघून गेले तेव्हा चूल कोणी पेटती ठेवली? बुडालेले उसने कोणाच्या बांगडीतून भरून निघाले? आजोबांना निर्दोष ठरविताना आपण आजीच्या सहनशीलतेवर पडदा टाकतो. हा आदर नव्हे, अन्याय आहे.

म्हणून काही भेद मात्र पाळावा. ज्या लहरीने कोणाचे बिघडले नाही, ती हसून सांगावी. जिने कोणाला सोसावे लागले, ती सोसणाऱ्याचे नाव घेऊन, कटुता न ठेवता सांगावी. आणि जे सांगण्याने केवळ मृताची विटंबना होईल, जिवंतांचे काही भले होणार नाही, त्यावर शेम-याफेथाचे वस्त्र पांघरावे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त याच मार्गाने आईबापांचे स्मरण केले. संत मोनिका लहानपणी पिंपातील द्राक्षारस चोरून पिऊ लागली होती, पिता पॅट्रिशियस तापट होता, हे त्यांनी लिहिले. आणि लगेच त्या दोघांची आठवण प्रभूच्या वेदीपाशी करा, अशी वाचकांना विनवणी केली.

यात आपल्या श्रद्धेचे मर्म आहे. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो ती ते अपूर्ण होते म्हणूनच. पूर्णत्वास पोहोचलेल्याला आपल्या प्रार्थनेची गरज काय? बाबांना घरच्या घरी संत ठरवून टाकले, तर ज्या मिस्साबलीची त्यांना खरी गरज आहे, त्यालाच अर्थ उरत नाही. त्यांच्या नावाने मेणबत्ती लावाल तेव्हा त्यांची जपमाळ आठवा, त्यांचा हट्टही आठवा. आणि तो हट्ट ज्यांनी सोसला त्यांच्यासाठीही एक 'नमो मरिये' म्हणा.