गाडी सुरू होत नाही, दोष कुणाचा? (गीता, अध्याय १८, श्लोक १४)



आजचं चिंतन अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर. पण पुढचे दोन श्लोकही सोबतच वाचा, तिन्हींचा धागा एक आहे. कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. सोप्या मराठीत सांगायचं तर काम जिथे घडतं ती जागा किंवा शरीर, करणारा, त्याची साधनं, त्याच्या हालचाली आणि जे कुणाच्याच हातात नाही ते. पंधराव्या श्लोकात येतं की काम योग्य असो वा अयोग्य, कारणं हीच पाच. आणि सोळाव्यात म्हटलंय की एवढं असूनही ज्याला एकटा ‘मी’च कर्ता दिसतो, त्याला नीट दिसतच नाही.

हा श्लोक आपण बहुतेक वेळा यशाच्या बाजूनं वाचतो. यश मिळालं तर फुगू नका, एवढाच अर्थ घेऊन पुढे जातो. त्या अर्थाचं उत्तम उदाहरण आमच्या वर्धा जिल्ह्याशी जोडलेलं आहे. पवनारला धाम नदीकाठी ज्यांचा आश्रम आहे, त्या विनोबांची ‘गीता प्रवचने’ आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतील. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, रविवारी एक याप्रमाणे, विनोबा गीतेच्या अठरा अध्यायांवर बोलले. आता पाच कारणं लावून बघा. अधिष्ठान तो तुरुंग. कर्ते विनोबा. करण म्हणजे सानेगुरुजींची लेखणी, कारण ते सगळं उतरवून घेतलं त्यांनी. चेष्टा म्हणजे दर रविवारचं ते बोलणं, ऐकणं, लिहिणं. आणि दैव? इंग्रज सरकारनं या दोघांना एकाच वेळी एकाच तुरुंगात ठेवलं! यातलं एक काढलं असतं तर ते पुस्तक आज आपल्या हातात असतं का?

पण पंधराव्या श्लोकात ‘अयोग्य’ कामही आलंय. म्हणजे बिघडलेल्या कामालाही पाचच कारणं. मग मला प्रश्न पडतो, श्रेय एकट्या माझं नसेल, तर दोष एकट्या ‘त्याचा’ कसा असेल?

याचं उत्तर मला हिंगणघाटजवळच्या एका गावात, एका जुन्या ट्रकपाशी मिळालं. कापसाचा हंगाम होता. हिंगणघाट म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. रात्रीच ट्रक भरून ठेवला होता, पहाटे निघायचं होतं. आणि पहाटे ट्रक सुरूच होईना. मालक आमच्या नात्यातले. त्यांनी सगळ्यांदेखत ड्रायव्हरला झापलं, “राती तूच बंद केली ना गाडी? मंग तुलेच माहीत! आजची हजेरी कापली तुही.” ड्रायव्हर एवढंच म्हणाला, “मी काय केलं जी?”

तेवढ्यात मिस्त्री आला. म्हातारा माणूस, हातात पान्यांची पिशवी. मालक त्यालाही तेच सांगू लागले. तो म्हणाला, “कोनं केलं ते मंग पाहू. आधी काय झालं ते पाहू द्या.”

मग त्यानं एकेक गोष्ट तपासली. हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितला. लाइट जरा मंदावली, पण इंजिन जोरात फिरलं. म्हणजे बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर, सेल्फ सगळं ठीक. नंतर सायलेन्सरकडे पाहिलं, तर धूर नाही. पांढरा धूर असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असा अर्थ निघाला असता. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाहीये. टाकीत काडी बुडवून पाहिली, डिझेल होतं. इंजिन बंद करायची केबल ओढलेली राहिली नाही ना, तेही पाहिलं. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारला. डिझेलसोबत नुसता फेस आणि बुडबुडे.

पाइपात हवा शिरली होती. डिझेल दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पंपाचा दाब थेट नोझलपर्यंत जातो. हवा मात्र दाबली की आकसते. पंप मारत राहतो, दाब तयारच होत नाही. पोटात शिरलेल्या थोड्याशा हवेनं कापसानं भरलेला अख्खा ट्रक अडवला होता.

हवा शिरली कुठून? दोन दिवसांपूर्वी फिल्टर बदलताना पाइपाच्या बोल्टाखालचं तांब्याचं जुनंच वायसर परत बसवलं होतं. तिथून रात्रभर हवा आत येत राहिली. ट्रक चढावर, तोंड वर करून उभा, त्यामुळे डिझेल मागे टाकीकडे उतरत गेलं. मिस्त्रीनं नवं वायसर घातलं, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला, स्क्रू आवळला. सेल्फ मारताच गाडी धडधडली.

मोजा आता. अधिष्ठान चढावर उभा असलेला ट्रक, कर्ता ड्रायव्हर, करण ते झिजलेलं वायसर, चेष्टा दोन दिवसांपूर्वीची कुणाची तरी घाईची जोडणी, आणि हे सगळं नेमकं बाजाराच्या आदल्या रात्री जुळून यावं, हे दैव. मालकांना पाचांपैकी एकच दिसला होता. तोही तो, ज्याला उलट बोलता येत नव्हतं.

हजेरी काही कापली नाही. पण ‘कापली’ हे सगळ्यांसमोर बोलले होते. ‘कापली नाही’ हे कुणासमोर बोलले नाहीत.

कुणी म्हणेल, असं पाहिलं तर कुणीच जबाबदार राहणार नाही. ड्रायव्हरनं खांदे उडवायचे, मालकानंही. मला तसं वाटत नाही. कर्ता पाचांत आहेच, भगवंतांनी त्याला वगळलेलं नाही. त्याच मिस्त्रीनं जाताना ड्रायव्हरला बजावलं की गाडी अशी चढावर लावत नको जाऊ. आणि मालकांना सांगितलं की फिल्टर बदलला की वायसर नवंच घ्या, पैसे वाचवू नका. ज्याच्या वाट्याचं जेवढं होतं, तेवढं त्याच्या पदरात घातलं. दैवाचं नावही त्यानं काढलं नाही. श्लोकातही दैव पाचवं येतं. आधीचे चार न तपासताच ‘नशीबच खराब’ म्हणणं म्हणजे बॉनेट न उघडताच गाडी भंगारात काढणं.

आपल्याकडे ट्रक नसतो, पण आपण हेच करतो. ऑफिसात बिल्ड फेल झाली की पहिला प्रश्न, “कोणी पुश केलं?” घरी दूध उतू गेलं की, “लक्ष कुठे होतं तुझं?” आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण स्वतःलाही तसंच वागवतो. दुसऱ्यांदा परीक्षा गेली, इंटरव्ह्यू हुकला, की रात्री छताकडे बघत म्हणतो, “मीच नालायक.” हे नम्रपणाचं वाटतं, पण सोळावा श्लोक परत वाचा. एकटा ‘मी’च कर्ता, असं इथेही आपण म्हणतोयच. यशात ‘मीच केलं’ आणि अपयशात ‘मीच बिघडवलं’, दोन्हीकडे बाकीची चार कारणं दिसेनाशी झालेली असतात.

आजचा अभ्यास छोटा आहे. सध्या जे अडलंय असं एक काम घ्या, वहीत पाच ओळी काढा, प्रत्येक कारणासमोर खरंच काय होतं ते लिहा. दैवाची ओळ शेवटी भरा. आणि कर्त्याच्या ओळीत ज्याचं नाव येईल, मग ते तुमचं स्वतःचं का असेना, त्याच्याशी बोलण्याआधी बाकीच्या चार ओळी एकदा वाचा.

उद्या सतरावा श्लोक. राम कृष्ण हरी.