दुसरी गाडी आणि अपरिग्रह

आमच्या घरची दुसरी गाडी, 2009 ची अल्टो, मोडीत काढायची की नाही, हा मला धर्माचाच प्रश्न वाटतो. पतंजलींनी अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणं, पाच यमांत घातला, गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याला तो सांगितला आहे. पण जुनं जपणं म्हणजे अपरिग्रह, की तीही आसक्तीच?

आम्ही राहतो त्या छत्तीसगडातल्या सिलतऱ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथे लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत तापवून स्पंज आयर्न करतात. सकाळी तुळशीला पाणी घालायला जावं तर पानांवर काळी पूड. बोट फिरवलं की रेघ उमटते. नव्या गाडीचं लोखंडही कुठल्यातरी गावाच्या श्वासातूनच येणार.

हे म्हणतात, "अगं, भंगार वाया जात नाही, इंडक्शन भट्टीत वितळून त्याच्या सळया होतात." खरंच आहे. पण भट्टीला वीज लागते, आणि छत्तीसगडात ती बहुतांशी कोळशाचीच.

गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस तपासून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली आहे. तोवर ती चालवावी, असं माझं मत. धूर ओकू लागली तर मात्र आपली काटकसर शेजारच्या लेकरांच्या छातीवर लादायची नाही, त्याच दिवशी ती मोडीत द्यायची. तिच्या जागी दुसरी आणू नये, असंही मला वाटतं. यांना ते अजून पटलेलं नाही.