गाईला रविवार नसतो

आज सकाळी मिस्सेला येण्यापूर्वी आपल्यापैकी बहुतेकांनी चहा घेतला असेल. (पवित्र कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास पाळूनच, असे आपण धरून चालू.) त्या चहातले दूध तबेल्याचे असेल, तर ते काढण्यासाठी कोणीतरी रात्री दोन-अडीच वाजता उठलेले असते. आपण साखरझोपेत असताना तो म्हशीच्या कासेशी बसलेला असतो. आणि आज रविवार आहे म्हणून त्याला उठण्यात काही सवलत मिळालेली नसते.

देवाचा दिवस पवित्र पाळावा, ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. पण गाय-म्हैस काही धर्मशिक्षणाला आलेली नाही. कास भरली की तिला धार काढणारा हवाच. वेळ टळली तर कास टणक होते, दुखू लागते, दगडी झाली तर जनावर तापाने बसते. ज्यांच्या घरी पूर्वी गोठा होता, त्यांना हे सांगायला नको. घरात लग्न असो की मर्तिक, धार चुकवता येत नसे.

म्हणजे रविवारी कोणीतरी काम करणारच. ख्रिस्तसभेने याला कधी पाप म्हटलेले नाही. शब्बाथाच्या दिवशीही लोक आपला बैल, आपले गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतात, याची आठवण प्रभू येशूनेच सभास्थानाच्या अधिकाऱ्याला करून दिली (लूक, अध्याय १३). आमचा प्रश्न निराळा आहे. हे रविवारचे काम वर्षानुवर्षे त्याच त्या माणसाच्या वाट्याला का येते? आणि तो माणूस बहुधा बाहेरगावचा, परक्या मुलखातलाच का असतो?

आपल्या तबेल्यांकडे आम्ही शेवटी वळू. आधी अमेरिकेकडे पाहू. कारण तिथे हा प्रश्न अगदी उघडा पडला आहे, आणि तिथल्या गोठ्यांत राबणारे मेक्सिको-ग्वाटेमालाचे मजूर बऱ्याच अंशी आपल्यासारखेच कॅथोलिक आहेत.

विस्कॉन्सिन, व्हरमाँट, आयडाहो, कॅलिफोर्निया ही तिथली दुधाची राज्ये. जुना शेतकरी आणि त्याची पोरे मिळून पन्नास-साठ गाई सांभाळीत, तो काळ मागे पडला. विस्कॉन्सिनमध्ये गेल्या वीस वर्षांत निम्म्याहून अधिक गोठे बंद झाले. उरले त्यांतले कित्येक प्रचंड मोठे झाले, शेकडो, हजारो गाईंचे. मोठ्या डेअरीत दिवसातून तीन वेळा धार निघते, त्यामुळे यंत्र जवळजवळ चोवीस तास बंद होत नाही. गाई दोन रांगांत उभ्या राहतात आणि मजूर मधल्या खड्ड्यात, म्हणजे गाईची कास त्याच्या छातीच्या उंचीला येते. सड औषधात बुडवायचे, पहिल्या एक-दोन धारा हाताने काढून पाहायच्या, फडक्याने पुसायचे, यंत्राचे चार पेले लावायचे, पेले निघाले की पुन्हा औषध, आणि पुढची गाय. दहा-बारा तासांची पाळी, थंडीत बाहेर बर्फ, आत अंगावर शेणामुताचे शिंतोडे, अधूनमधून लाथ.

तिथल्या दूध उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने करवून घेतलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार डेअरीवरच्या मजुरांत निम्मे स्थलांतरित होते, आणि असे मजूर ठेवणाऱ्या डेअऱ्यांतून देशाचे ७९ टक्के दूध येत होते. इतक्या गरजेच्या माणसाला कायद्याने प्रवेश तरी द्यावा! पण शेतमजुरांसाठी अमेरिकेचा जो परवाना आहे, तो हंगामी कामापुरता आहे. सफरचंदे तोडायला माणूस आणता येतो, कारण सफरचंदाला हंगाम असतो. दुधाला हंगाम नाही, बाराही महिने धार आहे, म्हणून दुधासाठी परवाना नाही. याचा परिणाम असा की कामाला माणूस कायमचा हवा आणि कागदावर तो असता कामा नये. तिथले बरेच स्थलांतरित डेअरी मजूर अशा विनाकागद अवस्थेत राहतात.

विनाकागद राहणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. विस्कॉन्सिनमध्ये २००७ पासून अशा माणसाला गाडीचा परवाना मिळत नाही, आणि खेड्यात गाडीवाचून ना दुकान गाठता येते, ना दवाखाना, ना चर्च. व्हरमाँटला कॅनडाची सीमा लागलेली, तेव्हा सीमा पोलिसांचा वावर नेहमीचा. मजूर गोठ्यालगतच्याच खोलीत राहतो. नोकरी गेली की छप्परही जाते. मग जादा तासांचे पैसे कोण मागणार? अमेरिकेच्या १९३८ च्या श्रम कायद्याने शेतमजुराला जादा कामाच्या वाढीव दरातून वगळलेलेच आहे. दहा किंवा त्याहून कमी मजुरांच्या शेतावर केंद्र सरकारचा सुरक्षा निरीक्षक सहसा पाऊलही ठेवत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये व्हरमाँटच्या एका गोठ्यात मेक्सिकोच्या चियापास राज्यातला विशीतला एक तरुण शेण ओढून नेणाऱ्या यंत्राजवळ काम करीत होता. त्याचे कपडे यंत्रात अडकले आणि त्यातच त्याचा गळा आवळला गेला. त्याचा देह त्याच्या गावी पोचवण्यासाठी लोकांनी खटपट केली, तेव्हा कुठे आजूबाजूच्या गावांना कळले, की आपल्या टेकड्यांवरच्या गोठ्यांत अशी शेकडो मुले राहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोलोराडोच्या एका डेअरीत विषारी वायूने सहा जणांचा जीव घेतला. जिवंतपणी जे कोणाला दिसत नव्हते, ते मेल्यावर दिसले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोठ्याचा मालक हा प्रत्येक वेळी खलनायक नसतो. दुधाचा भाव तो ठरवीत नाही. खाद्य, डिझेल, बँकेचे व्याज वाढते आणि दुधाचा भाव कोसळतो, असे त्याने अनेकदा सोसले आहे. कित्येक मालक मजुरांबरोबर स्वतः पहाटे उठतात. पण म्हणून मजुराची विश्रांती ही मालकाच्या भलेपणावर सोडायची का? आम्हांस वाटते, नाही. याचे कारण पवित्र शास्त्रातच आहे.

शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. निर्गम ग्रंथात तिचे कारण दिले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलते. तू मिसर देशात गुलाम होतास, हे विसरू नकोस, म्हणून शब्बाथ पाळ, असे तिथे म्हटले आहे. तिथे विसावा कोणाकोणाला द्यायचा याची यादी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, बाकीची गुरेढोरे, आणि वेशीच्या आत राहणारा उपरा. दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, हा हेतू तर तिथे स्पष्टच सांगितला आहे. म्हणजे विसावा हा धन्याने दिलेला बोनस नव्हे. ज्याची कोणाकडेच वट नाही, त्याच्यासाठी देवाने तो राखून ठेवला आहे. आपण मात्र ही आज्ञा 'मिस्सा चुकवू नये' एवढ्यावर आणून ठेवली आहे. ती चुकवू नयेच. पण आज्ञा तिथे संपत नाही.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. १९८१ च्या आपल्या 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या परिपत्रकात त्यांनी स्थलांतरित मजुरांचा वेगळा विचार केला आहे. परक्या देशात काम करणाऱ्याला तिथल्या मजुरापेक्षा कमी हक्क असू नयेत आणि त्याच्या अडचणीचा फायदा उठवला जाऊ नये, असा त्याचा आशय. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो, की आपल्या अनावश्यक मागण्यांपायी दुसऱ्याचा प्रभूचा दिवस हिरावला जाऊ नये. २००३ साली अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी स्थलांतरितांविषयी संयुक्त पत्र काढले. आता तर गोष्ट अशा थराला गेली आहे की जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनोच्या बिशपांनी, अटकेच्या भीतीने घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून मोकळे केले. मेंढपाळालाच आपल्या मेंढरांना 'येऊ नका, चालेल' असे सांगावे लागते, यावर काय बोलावे?

तरी वाट निघू शकते. व्हरमाँटच्या मजुरांनी सरकारची वाट न पाहता दूध विकत घेणाऱ्याला गाठले. जून २०१७ मध्ये ते राजधानीपासून बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीच्या कारखान्यापर्यंत सुमारे तेरा मैल चालत गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्यात आठवड्याला एक सुट्टी, दोन पाळ्यांमध्ये सलग आठ तास विश्रांती, राज्याचे किमान वेतन, झोपायला धड पलंग, स्वच्छ पाणी हे सारे आले. आणि याचा बोजा शेतकऱ्यावर पडू नये म्हणून कंपनीने त्याला दुधामागे जादा पैसे द्यायचे ठरले. हे शेवटचे कलम आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. मजुराच्या सुट्टीचे पैसे शेवटी दूध पिणाऱ्याने द्यायचे असतात. ते न देता स्वस्त दूध प्यायचे, तर त्या स्वस्ताईतला काही भाग मजुरीतून कापलेला असतो. आणि अशा कापलेल्या मजुरीचा आक्रोश कोणाच्या कानी पोचतो, हे याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहून ठेवले आहे.

आता आपल्या वेशीच्या आत. आपल्याकडच्या तबेल्यांत राबणारे बहुतेक उत्तर प्रदेशातले. जौनपूर, आझमगड, प्रतापगड अशा जिल्ह्यांतून ते येतात. त्यांना परवाना लागत नाही, देश एकच आहे. तरी आपल्या बोलण्यात ते 'बाहेरचे'च असतात. बाहेरून येणाऱ्या गर्दीने आपले पाणी, जमीन, वाड्या यांच्यावर ताण आला, ही आपली तक्रार खोटी नाही. आम्हीही ती करतो. पण ती बिल्डरकडे आणि सरकारकडे करायची तक्रार आहे, म्हशीखाली बसलेल्या माणसाकडे नव्हे. शिवाय आपल्याच कितीतरी घरांचे वासे कुवेत-दुबईच्या पगारावर चढले आहेत. शुक्रवारची सुट्टी मिळाली नाही, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, हे आपल्या माणसांनीही सोसले आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. पन्नास म्हशींचा तबेला, पाच माणसे, म्हशीमागे दिवसाला आठ लिटर दूध. आठवड्याचे दूध झाले २,८०० लिटर. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची, तर पाच दिवसांचा बदली माणूस लागेल. ७०० रुपये रोजाने ३,५०० रुपये. लिटरमागे सव्वा रुपया. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण सव्वाचे दहा होणार नाहीत.

काही दिवसांपूर्वी आम्ही एका तबेल्यावर दूध आणायला गेलो होतो. हंडा विसळत असलेल्या माणसाला सहज विचारले, सुट्टी कधी असते? तो हसला. म्हणाला, "भैंस की छुट्टी नहीं होती साहब, तो हमारी कैसे होगी?" गावी किती वर्षांत गेला नाहीत, असेही विचारायचे होते. पण मिस्सेची दुसरी घंटा झाली होती, म्हणून आम्ही पैसे दिले आणि निघालो.