नोकरी पालघरला, बिऱ्हाड कुठे?

आपल्या धर्मग्रामात गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रश्न घरोघरी ऐकू येऊ लागला आहे. पूर्वी नोकरी म्हटली की गाडी दक्षिणेकडची धरायची, हे ठरलेले असे. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली. तेव्हापासून वसईकराने फुले, भाजी, केळी, दूध आणि पुढेपुढे स्वतःलाही रोज मुंबईला पोहोचवले. आता वारे थोडे उलटे फिरले आहे. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याच्या कचेऱ्या पालघरात आल्या. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि त्यापलीकडे अणुवीज केंद्र हे तर आधीपासूनच होते. त्यामुळे आपली काही मुलेमुली आज विरारला फलाट बदलून उत्तरेची गाडी धरतात. कोणी सरकारी कचेरीत आहे, कोणी कारखान्यात, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी आरोग्य केंद्रात परिचारिका.

नोकरी लागली की पहिला पेढा संपायच्या आत घरात चर्चा सुरू होते: रोज येऊन-जाऊन करायचे, की तिकडेच खोली घ्यायची?

चर्चेची सुरुवात बहुधा पैशाने होते आणि ते योग्यच आहे. एका बाजूला रेल्वेचा पास, स्टेशनवर दुचाकी ठेवण्याचे पैसे, दोन्ही टोकांची रिक्षा. दुसऱ्या बाजूला घरभाडे, अनामत रक्कम, दुसरा गॅस, दुसरे विजेचे बिल. वाडीत बापजाद्यांचे घर असलेल्या माणसाला भाडे भरणे हा शुद्ध वेडेपणा वाटतो. वेळेचा हिशेब मात्र फार थोडेजण मांडतात. विरारपासून पालघर रुळाने तीसेक किलोमीटर, पण घराचा उंबरा ते कचेरीची खुर्ची असे धरले तर आपल्या गावातून जाताना पावणेदोन तास लागतात. येताना तेवढेच. वर्षाला कामाचे २५० दिवस धरा. ८७५ तास झाले, म्हणजे रात्रंदिवस मोजून ३६ दिवस. वर्षातला एक अख्खा महिना आणि वर आठवडाभर माणूस गाडीत, फलाटावर आणि रिक्षाच्या रांगेत राहतो. शिवाय हा हिशेब गाड्या वेळेवर धावल्या तर. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरले आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा काय हाल झाले ते अजून सर्वांच्या लक्षात असेल.

अलोईस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्रे ह्या स्वित्झर्लंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राप्रमाणे लांबच्या प्रवासाचा त्रास माणूस उगाच सोसणार नाही. चांगला पगार किंवा स्वस्त घर अशी काहीतरी भरपाई त्याला मिळत असणार. त्यांना आढळले ते वेगळेच. ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा, ते एकंदर आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. भरपाई पुरी पडत नव्हती. आपल्याकडे हे सांगायला अभ्यासाची गरज नाही म्हणा. रात्री साडेआठला घरात शिरणाऱ्या बापाशी त्याच्या मुलाचे बोलणे किती शब्दांत संपते, ते कोणत्याही आईला विचारा.

पण पैसा आणि वेळ हे दोन्ही हिशेब आपल्या स्वतःच्या सोयीचे आहेत. तिसरा हिशेब असा आहे की तो घरच्या चर्चेत सहसा येतच नाही, आणि मला वाटते खरा नैतिक प्रश्न तिथेच आहे. ज्या गावाचे मीठ आपण खातो, त्या गावाचे आपण कोण?

मुंबईला जाणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, पडण्याचे कारणही नव्हते. चर्चगेटच्या कचेरीतला कारकून संध्याकाळी सहाला निघून गेला म्हणून मुंबईचे काही अडत नाही. त्याच्यासारखे लाखो निघून जातात आणि लाखो तिथेच राहतात. लहान गावाचे तसे नसते. तिथे शाळेचे गुरुजी, दवाखान्यातली सिस्टर, बँकेचे साहेब, तलाठी, इंजिनिअर अशी शिकलेली, चार कागद वाचू-लिहू शकणारी माणसे मोजकी असतात. ती संध्याकाळच्या गाडीने निघून गेली की गाव दिवस मावळताच थोडे गरीब होते. मोठ्या शहराला आपली गरज कचेरीच्या वेळेपुरतीच असते. लहान गावाला ती नेमकी कचेरी सुटल्यानंतर असते. तापाने फणफणलेले पोर, शिष्यवृत्तीचा अर्ज, रात्री सुरू झालेल्या बाळंतपणाच्या कळा, सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद समजावून सांगणे, ही कामे अकरा ते पाचच्या वेळेत येत नाहीत. जव्हार, मोखाडा, तलासरीच्या पाड्यांवर मजुरीला गेलेला माणूस घरी परततो तोच मुळी अंधार पडताना.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक संध्याकाळ आहे. शब्बाथ संपतो, सूर्य मावळतो आणि लोक आपले आजारी घेऊन शिमोनाच्या दाराशी येतात; सारे नगर दाराशी लोटले होते असे वर्णन आहे. हे घडू शकले, कारण येशू त्या वेळी त्या घरात होता. नाझरेथ सोडून तो कफर्णहूमला येऊन राहिला असे मत्तय सांगतो, आणि पुढे नवव्या अध्यायाच्या आरंभी त्या गावाला तो चक्क येशूचे स्वतःचे नगर म्हणतो. जन्म बेथलेहेमचा, वाढ नाझरेथची, पण स्वतःचे नगर कफर्णहूम! वसईच्या माणसाने ह्यावर थोडा विचार करावा. आपण पालघरला वीस वर्षे नोकरी करतो आणि निवृत्तीच्या दिवशीसुद्धा तिथले लोक आपल्याला ‘वसईचे साहेब’ म्हणून हार घालतात. अर्थात त्याच अध्यायात दुसऱ्या सकाळी येशू, लोक शोधत असतानाही, शेजारच्या गावांकडे निघतो हेही विसरता येत नाही. म्हणजे एकदा राहायला गेलेल्याने जन्मभर तिथेच खिळून राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी ह्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न सरकारी कागदावरही आलेला आहे. त्यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहावे असा नियम आहे. ते खरेच राहतात ह्याला ग्रामसभेचा ठराव असावा, असे ग्रामविकास विभागाने २०१९ साली सांगितले. २०२२ साली हा विषय विधानसभेतही गाजला आणि शिक्षक संघटनांनी जोरदार विरोध केला. त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ज्या पाड्यावर भाड्याने मिळेल अशी एक पक्की खोली नाही, तिथे एकट्या शिक्षिकेने राहायचे कुठे? सरकार घर देणार का? माझ्या मते नियम करणाऱ्यांनी आधी निवास बांधावेत आणि मग ठराव मागावेत. पण एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. तिथे राहत नसताना ‘मी मुख्यालयी राहतो’ असे लिहून देणे आणि सरपंचाची सही मिळवणे, हे खोटे बोलणे आहे. ‘सगळेच देतात’ म्हणून ते खरे होत नाही. अडचण असेल तर ती अडचण म्हणून लिहावी. वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्याने तरी एवढे करावे.

मग सर्वांनी उठून पालघर-बोईसरला बिऱ्हाड करावे का? नाही. समजा, एका घरात मुलाला पालघरला नोकरी लागली आहे. सून भाईंदरच्या शाळेत शिकवते, नात तिसरीत आहे, आणि ओटीवर बसून वाट पाहणारी म्हातारी आई आहे. तिला बावखलाकाठचे घर सोडून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नेणे म्हणजे तिला उपटून कुंडीत लावण्यासारखे आहे. आईवडिलांचा मान राखावा ही आज्ञा नोकरीच्या गावाच्या ऋणापेक्षा लहान नाही. सुनेची नोकरीही नोकरीच आहे. आपल्याकडे पुरुषाच्या नोकरीने घर हलते आणि बाईच्या नोकरीने फक्त तिची झोप कमी होते. तो पालघरला राहायला गेला तर तिचा भाईंदरचा प्रवास दुप्पट होणार, आणि पहाटे चारला डबे कोण करणार हे कोणी विचारतही नाही. म्हणून निर्णय कोणी घेतला ह्याइतकेच, त्याची किंमत कोण मोजतो हेही पाहावे. ज्याच्या वाट्याला त्रास येणार त्याचे मत शेवटी नव्हे, आधी विचारावे.

अशा वेळी पुष्कळजण मधला मार्ग काढतात: विरारला फ्लॅट. इकडचेही जवळ, तिकडचेही जवळ. हा मार्ग मला सर्वांत कमी पसंत आहे, आणि ह्यावर कोणाला राग आला तर येऊ द्या. ज्या कुटुंबाचे विरारमध्ये कोणी आहे, मुलांची शाळा तिथे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पण केवळ वेळापत्रक पाहून घेतलेल्या घरात पुष्कळदा असे होते की आई वसईत एकटी, काम पालघरात, आणि झोप विरारात. शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचावे लागते. रविवारी मिस्सेला जायचे कुठे ह्यावर वाद, आणि वादात मिस्साच राहून जाते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, ह्या विषयावर मोठी मजेशीर कलमे आहेत. माणसाचा धर्मग्राम कोणता, त्याचा धर्मगुरू कोण, हे त्याच्या वास्तव्यावरून ठरते. कायमचे राहण्याच्या हेतूने एखाद्या ठिकाणी गेलात की पहिल्या दिवसापासून ते तुमचे ठिकाण. हेतू नसला तरी पाच वर्षे पूर्ण राहिलात तर ते तुमचे झालेच. निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने गेलात, किंवा तीन महिने खरोखरच राहिलात, तरी अर्धे-मुर्धे वास्तव्य धरले जाते. आणि ज्याचे कुठेच वास्तव्य नाही त्यालाही हा कायदा नाव देतो: भटका. आपले भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात, हा कायदा मात्र हेतू विचारतो. तुम्ही इथे राहायला आला आहात, की फक्त उतरला आहात? पालघरात खोली घेऊन दर शुक्रवारी संध्याकाळी पिशवी भरून वसई गाठणारा आणि रोज ये-जा करणारा, ह्यांच्यात गावाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. उलट वसईत राहूनही महिन्यातला एक शनिवार नोकरीच्या गावी पालकांना भेटण्यासाठी, कागदपत्रे समजावण्यासाठी राखून ठेवणारा शिक्षक त्या गावाचा अधिक असतो.

म्हणून ज्यांची घरची जबाबदारी खरीच मोठी आहे, त्यांनी निःशंक मनाने वसईत राहावे आणि नोकरीच्या गावाचे जे देणे लागते ते अशा एखाद्या मार्गाने फेडावे. पण ज्यांचे नुकतेच लग्न झाले आहे, दोघांचे काम तिकडेच आहे, आईवडील धडधाकट आहेत, भाऊ घरात आहे, आणि तरीही ‘आपली वसई ती वसई’ एवढ्या एका कारणावर जे रोज साडेतीन तास गाडीत घालवतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे. वसई कुठे पळून जात नाही. सणाला, लग्नाला, वाडीतल्या कामाला येता येते. तुमचा मुलगा पालघरच्या मुलांबरोबर वाढला तर त्याची भाषा बिघडणार नाही; वारली मित्र मिळाले तर त्याचे भलेच होईल. तिकडच्या लहान धर्मग्रामांत गायनवृंदाला आवाज आणि धर्मशिक्षणाला शिक्षक इथल्यापेक्षा अधिक हवे असतात.

घर बघायला जाणारच असाल तर रविवारी दुपारी एजंटाबरोबर जाऊ नका. त्या वेळी सगळीच घरे छान दिसतात. कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातनंतर, नवराबायको दोघांनी मिळून जा. पाणी किती वाजता येते, रात्री डॉक्टर कुठे भेटतो, स्टेशनपासूनच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे खालच्या दुकानदाराला विचारा. आणि जमले तर शेजारच्या दारावर टकटक करून पाहा, त्या वेळी आत कोणी आहे का.