वैखरीचे ऋण आणि शस्त्रवैद्याचा धर्म

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील १०७ मर्मांचे वर्णन करताना कंठनाडीच्या, म्हणजे श्वासनलिकेच्या, दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या या नावांची मिळून चार मर्मे सांगितली आहेत आणि तेथे घाव बसल्यास मुकेपणा येतो, आवाज बिघडतो किंवा चव कळेनाशी होते, असे म्हटले आहे. ही मर्मे ‘वैकल्यकर’ वर्गातील, म्हणजे जीव न घेता माणसाला उणे करून ठेवणारी, मानली आहेत. सुश्रुताला स्वरयंत्राची नस ठाऊक होती असा दावा करण्याचे कारण नाही, कारण त्याचे बोलणे धमन्यांविषयी आहे. तरीही थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत आज ज्या इजेची धास्ती सर्वाधिक असते, ती याच वर्गातली आहे.

थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, वजनाने जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची असून फुलपाखरासारखी श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. स्वरतंतूंना हलवणारी रिकरंट लॅरिंजिअल नस तिच्या मागच्या अंगाने जाते. मेंदूपासून निघणाऱ्या व्हेगस या लांब नसेची ही शाखा सरळ स्वरयंत्राकडे न जाता आधी खाली उतरते, डावीकडे महारोहिणीच्या कमानीला आणि उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालते आणि मग श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा वर चढते. ‘परतणारी’ हे तिचे नाव या वळशावरूनच पडले. ग्रंथी जेथे श्वासनलिकेला सर्वांत घट्ट चिकटलेली असते, नेमकी तेथेच ही बारीक पांढरी दोरी ग्रंथीच्या अगदी जवळून जाते आणि ताण, चिमटा किंवा जवळच्या रक्तवाहिनीला दिलेला डाग यांपैकी काहीही तिला मुके करू शकते. एका बाजूची नस गेली तर आवाज घोगरा आणि हवा निसटणारा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही गेल्या तर स्वरतंतू मध्यभागी येऊन श्वासच कोंडतो. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाणारी दुसरी एक शाखा दुखावली तर रोजचे बोलणे चालते, पण वरच्या पट्टीतला सूर लागत नाही. मागे चिकटलेल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथींचा रक्तपुरवठा तुटला तर रक्तातील कॅल्शियम घसरते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर फेरीवर आलेले डॉक्टर “मावशी, नाव सांगा बघू” असे म्हणतात आणि परिचारिका बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येतात का, हे पुन्हा पुन्हा विचारते.

अनुभवी हातांत नसेला कायमची इजा साधारणतः शंभरातल्या एकादोघांनाच होते. मात्र तो एक कोण, यावर पुढचा सगळा प्रश्न अवलंबून आहे. मुंबईच्या उपनगरांत आवाजावर पोट असणारी माणसे पावलोपावली आहेत: अंधेरीच्या क्लासमध्ये दिवसाला सहा तास शिकवणारी शिक्षिका, बोरिवली लोकलच्या डब्यात माल विकणारा फेरीवाला, मुलुंडमध्ये घरी गाणे शिकवणाऱ्या बाई. घाटकोपरच्या भटवाडीत रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या वृद्धाचे पोट आवाजावर नसेल, पण त्याची उपासना आवाजावर आहे. अशा माणसाचा आवाज गेला तर त्याचे नेमके काय गेले?

भारतीय परंपरेने या प्रश्नाचे एक खोल उत्तर देऊन ठेवले आहे. भर्तृहरीने वाणीचे तीन स्तर मानले: कानाला ऐकू येणारी वैखरी, मनात शब्दरूप घेणारी मध्यमा आणि शब्द-अर्थ अजून वेगळे न झालेली पश्यंती. पुढे काश्मीरच्या शैव आचार्यांनी त्यांच्या मुळाशी परा मानली. ‘अमृतानुभवा’च्या तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव या चारही वाणींच्या ऋणाचा विचार करतात आणि शेवटी त्या ऋणातूनही सुटण्याची गोष्ट सांगतात. मनुस्मृतीने तर मोठ्याने केलेल्या जपापेक्षा केवळ ओठ हलवून केलेला उपांशू जप आणि त्याहूनही मनातल्या मनात केलेला मानस जप श्रेष्ठ ठरवला आहे. या हिशेबाने शस्त्र फक्त वैखरीपर्यंत पोहोचते आणि नाम अबाधित राहते.

हे उत्तर खरे आहे, परंतु ते कोणाच्या तोंडी आहे याला फार महत्त्व आहे. आवाज गेलेल्या माणसाने स्वतः, आपल्या वेळी, मानस जपात विसावा शोधला तर ती साधना होय. तेच वाक्य नातेवाइकाने किंवा डॉक्टरने त्याला ऐकवले तर ते गप्प बसवणे होते. शिवाय वारकऱ्यांचे नाम एकट्याच्या मनात मावणारे नाही; ते टाळ-मृदंगात, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून उभे राहते, म्हणून ज्याची वैखरी गेली त्याची दिंडीतली जागाच रिकामी होते. प्रारब्धाचेही तसेच आहे. गेल्या जन्मीच्या कर्माचा जो भाग या देहात भोगायला सुरू झाला तो प्रारब्ध, आणि तो भोगणारा रुग्ण असतो. शस्त्र धरणाऱ्याचे कर्म क्रियमाण, म्हणजे आत्ता घडत असलेले आणि म्हणून जबाबदारीचे असते.

ही जबाबदारी ओळखणारा बर्नचा शल्यविशारद थिओडोर कोखर मोरावियन पंथाचा श्रद्धाळू ख्रिस्ती होता. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले जुने रुग्ण त्याने परत बोलावून तपासले, तेव्हा त्यांतले अनेकजण सुजलेले, मंद झालेले, खुरटलेले आढळले. त्याने ते ईश्वरेच्छेवर न सोडता १८८३ साली जाहीरपणे मांडले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. त्याला १९०९ चे नोबेल पारितोषिक थायरॉईडवरील कार्यासाठी मिळाले. परंतु धर्माच्या दृष्टीने पाहता त्याचे मोठेपण त्या कबुलीत अधिक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीविषयी असे सांगितले की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके रुग्णाला सांगितले पाहिजेत, मात्र दूरचे धोके सांगून त्याला घाबरवण्याची गरज नाही. पण शंभरातला एक हा धोका दूरचा की जवळचा, हे आकड्यावरून ठरत नाही; ते गळा कोणाचा आहे यावरून ठरते. तेव्हा संमतिपत्रावर सही घेण्याआधी शस्त्रवैद्याने खुर्ची ओढून रुग्णाजवळ बसावे, तुम्ही आवाजाने काय करता, एवढे विचारावे आणि मिळालेले उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे.